अँटिना धरणारा

वडनेरात टीव्ही एकट्या रूपराव पाटलाकडं. वारा सुटला का चित्रात मुंग्या येत, म्हणून दर रविवारी मी त्याच्या छपराच्या टिनावर चढून अँटिना नागपूरच्या दिशेनं धरून उभा राहो. मागच्या खेपेले मी मधातच खाली उतरलो होतो, म्हणून या रविवारी पाटलानं शिडीच काढून ठेवली.

मे महिना. टिन तव्यावानी तापलं होतं. मले खालून टीव्हीचा आवाज तेवढा ऐकू ये. आकाशातल्या जहाजाची गोष्ट होती. खलाशांनी बंड करून कप्तानाले बाहेर काढलं अन् दार लावून घेतलं. किल्ली त्याच्याच इमानदार माणसाजवळ होती, पण तो काही दार उघडेना.

"दरवाजा खोलो! हवा खतम हो रही है!" कप्तान ओरडे.

खोलीतले सारे रडून राह्यले होते. "उघड रे मेल्या!" म्हणणारी माही बायको कांता होती. आवाज ओळखला मी.

"पाटील, पाय भाजले! शिडी लावा!"

"संपू दे," पाटील आतून बोलला.

पुन्हा ओरडलो. कोणी हाललं नाई. मंग माहं डोस्कं फिरलं. चुलीत गेली ती इमानदारी! मी अँटिना पार उलटा फिरवला.

सारे धावत अंगणात आले. पाटील शिव्या देऊन राह्यला होता. मी फक्त कांताकडं पाह्यलं. शिडी तिच्या पायाजवळच पडली होती.

"अवो, फिरवा ना लवकर," डोळे पुसत ती म्हणाली, "तिकडं कप्तान मरून राह्यला!"