कवडूभाऊंचा देव वाकला

कवडूभाऊ ओसरीवर बसले आणि चहाला हात न लावता म्हणाले, "बाई, देव वाकला."

"कोणता देव?"

"अजी तोच. तुमी साचा बनवाले नेला होता तो."

मोहगावहून पांढुर्ण्याला बसनं आले होते, पण पायांत चप्पल नव्हती. पंधरा दिवसांपासून सोडली म्हणे.

गेल्या हिवाळ्यात संत्र्यांसाठी खड्डे खोदताना त्यांना अंगठ्याएवढं दगडी बाणाचं टोक सापडलं. मधासारखा रंग, कडा अजून धारदार. हजारो वर्षांचं असेल, असं मी म्हटलं, तर त्यांनी शेंदूर लावून शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या निंबाखाली त्याची स्थापना केली. मला अशा टोकांच्या हुबेहूब नकला करायचा नाद आहे. शिकवलं कोणीच नाही. मोबाइलवर पाहून, दोन डबे रेझिन वाया घालवून जमलं. रबराचा साचा घ्यायचा, रेझिनमध्ये दगडाची भुकटी मिसळून ओतायचं, मग बारीक ब्रशनं रंग. बुडाशी सुईनं 'र' कोरायचा, रजनीचा, म्हणजे कोणी फसायला नको.

माझ्या शब्दावर कवडूभाऊंनी देव आठ दिवसांसाठी दिला होता. नक्कल सुरेशभाऊंसाठी होती. सुरेशभाऊ म्हणजे आमच्या यांचे सौसरचे मित्र, जुन्या वस्तूंनी घराची एक खोली भरून ठेवणारे. मी तापानं पडलेली, म्हणून दोन पुड्या यांच्या हातात दिल्या. खरा मोहगावला, नक्कल सौसरला. दोनदा बजावलं.

"रोज दिवा लावतो जवळ," कवडूभाऊ सांगत होते, "तं टोक खालीच झुकून राहिलं. माहं काय चुकलं, समजून नाही राहिलं. त्या दिशी निंबापाशी फवारणी केली, त्यानं तं नसंन?"

दगड वाकत नाही. रेझिन वाकतं.

"तुमचं काही चुकलं नाही, भाऊ. बसा जरा."

आमचे हे पेपर घेऊन हळूच स्वयंपाकघरात सरकले होते. मी मागोमाग गेले.

"खरा कुठं आहे?"

"सुरेशकडे. अगं, तिथं काचेत आहे, चार लोक पाहून राहिले. रानात काय, कुत्रं टांग वर करते त्याच्यावर."

"आणि कवडूभाऊंना माझी नक्कल दिली. खाली 'र' होता ना?"

"शेंदूर चोपडला वरून. तुझा हात इतका साफ आहे, कोणाले कळणार होतं?"

सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या कामाचं हे पहिलं कौतुक. हातात सांडशी होती, ती मी ओट्यावर ठेवून दिली. ठेवलेलीच बरी होती.

"म्हणजे ती शाल याच्यासाठी मिळाली."

"शाल-श्रीफळ दिलं त्यानं, चार लोकांसमोर. तूच तं पांघरली थंडीभर."

पांघरली होती. चांगली ऊबदार आहे, असंही म्हटलं होतं.

"चला बाहेर. तुम्ही सांगायचं त्यांना. माझ्या तोंडून नाही."

यांनी सांगितलं, फरशीकडे पाहत. कवडूभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजे म्या प्लास्टिकले नवस बोललो," एवढंच म्हणाले.

"तसं नाही, कवडूभाऊ. देव दगडात थोडीच असतो, आपला भाव—"

"गप्प बसा," मी म्हटलं.

कवडूभाऊ बसनं परत गेले. मी शाल पिशवीत घातली आणि यांना गाडी काढायला लावली. सौसरपर्यंत हे काहीबाही बोलत राहिले, गावाचं नाव, इतिहास, जपणूक. मी मागे बसून ऐकलं नाही.

सुरेशभाऊ हसले. "वहिनी, एवढं काय मनावर घेता? त्याले दुसरा बनवून द्या ना, दिव्यानं न वाकणारा."

मी शाल त्यांच्या टेबलावर ठेवली, कपाटाची काच सरकवली आणि टोक उचललं. खाली यांच्या नावाची चिठ्ठी होती, 'दिलीप सरांच्या शोधकार्यातून'. ती चुरगळून यांच्या शर्टाच्या खिशात कोंबली.

मोहगावला शेतात पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. कवडूभाऊंनी वाकलेला देव निंबाखालून काढून बाजूला फडक्यावर ठेवला होता. मी टोक पुढे केलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं.

"हा खरा हाये?"

"खरा आहे, भाऊ."

पहिल्या वेळी माझ्या एवढ्या शब्दावर भागलं होतं. आज त्यांनी वात पेटवली, झाडाला अडकवलेला चिमटा घेतला आणि टोक त्यात धरून ज्योतीत नेलं.

असा दगड तापला की तडकतो, हे मला माहीत होतं. सांगायला गेले, पण 'दिव्यापासून लांब ठेवा' हे माझ्या तोंडून आता त्यांना खरं कसं वाटलं असतं? ज्योत टोकाला चाटत होती. मी मुठी आवळून उभी राहिले.

"पटलं ना आता?" हे मागून म्हणाले.

"थांबा, साहेब," कवडूभाऊ वर न पाहता म्हणाले आणि त्यांनी दुसरी बाजू ज्योतीवर धरली.