तोलून केलेला समुद्र

जळगावात समुद्र तोलून करावा लागतो. प्रज्ञा प्रयोगशाळेतल्या काट्यावर एकेक क्षार ठेवी, शुद्ध पाण्यात विरघळवी, आणि कोकणच्या खाडीतून आणलेल्या गाळातील जिवाणूंना ते खारे पाणी देई. आपण आपल्याच घरी आहोत असे त्यांना वाटावे, एवढाच त्यामागील हेतू. तिचे मार्गदर्शक योगेंद्र सर कधीकधी दाराशी थांबून विचारीत, "काय प्रज्ञाताई, आज भरती की ओहोटी?" ती हसे, पण हात थांबू देत नसे.

थांबण्यास अवधी नव्हता. तिचे वडील आधार हे धरणगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधीत. एके दिवशी गाठीची लोखंडी पट्टी सुटून त्यांच्या पोटरीत शिरली. जखम लहान होती. तिच्यात वाढलेला जंतू मात्र कोणत्याच औषधाला दाद देईना. धुळ्याच्या रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. तो जंतू प्रज्ञाने रीतसर परवानगी काढून, आई मंदाबाईंच्या संमतीने, आपल्या प्रयोगशाळेत आणला. आईला तिने शब्द दिला होता, "आबांच्या पहिल्या पुण्यस्मरणापर्यंत याला मारणारं औषध शोधीन. मग याला तुझ्यासमोर नष्ट करीन."

पुण्यस्मरण येत्या रविवारी होते.

आणि औषध सापडल्यासारखे वाटत होते. गाळातील एका केशरी जिवाणूचा अर्क तिने काढला होता. उंच काचनळीत भरलेल्या पांढऱ्या भुकटीतून तो अर्क सावकाश खाली उतरे, आणि उतरता उतरता त्यातील द्रव्ये निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्यांनी विलग होत. प्रत्येक पट्टा वेगळा धरून, सुकवून, त्याचा अंश कागदी चकतीवर घेऊन तिने जंतूच्या थरावर ठेवला. बाकी साऱ्या चकत्यांना वेढून जंतू वाढला. एका फिकट पिवळ्या द्रव्याच्या चकतीभोवती मात्र दुधाळ थरात स्वच्छ वर्तुळ उमटले. ते पाहून तिचे हात नकळत जोडले गेले.

उरली होती रक्ताची परीक्षा. जंतूला मारणारे द्रव्य माणसाच्या रक्तपेशींना अभय देते की नाही, हे पाहिल्यावाचून त्यास औषध म्हणता येत नाही.

"रगत मनं ली ले," मंदाबाई फोनवर म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आल्या.

रक्त देऊन झाल्यावर, कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा दाबून धरीत, त्या प्रयोगशाळेच्या काचेच्या भिंतीबाहेर उभ्या राहिल्या. पलीकडून प्रज्ञाने जंतू वाढवलेली झाकलेली प्लेट उचलून दाखवली.

"हाऊच का तो?"

"हाच, आई."

"यानावर नाव काय लिखं?"

"नाव नाही. नुसता क्रमांक."

"बरं करं. तुना आबानं नाव नको यानावर." त्या काचेच्या आणखी जवळ सरकल्या. "आनि तू याले रोज खाऊ घालस? तुना आबा जेवाले बसेत, तवय तुले पाणी देवानं ध्यान नही ऱ्हाये. याना मातर बठ्ठा लाड!"

प्रज्ञाला हसू आले, आणि त्याच क्षणी डोळे भरून आले.

तिने आईच्या रक्तपेशी धुऊन दोन नळ्यांत घेतल्या. एकीत साधे सलाइन घातले, दुसरीत ते पिवळे द्रव्य. काही वेळाने दोन्ही नळ्या यंत्रात फिरवून तिने प्रकाशासमोर धरल्या. पहिलीत पेशी तळाशी शांत बसल्या होत्या. वरचे पाणी निर्मळ होते. दुसरीचा तळ रिकामा होता. सारे पाणीच लाल झाले होते.

तिने द्रव्य सौम्य करून पुन्हा पाहिले. रक्त वाचेल इतके सौम्य केले, तर जंतूही वाचेल, हे तिच्या आधीच्या प्रयोगांनी सांगितलेच होते. योगेंद्र सर येऊन नळ्या पाहून गेले. आज त्यांनी भरती-ओहोटी विचारली नाही.

प्रज्ञा बाहेर आली.

"लाल व्हयनं," मंदाबाई म्हणाल्या. "मी देखं."

"हे औषध नाही, आई. जंतूला मारतं, पण रक्तही फोडतं."

"तुना आबाले दिधं ऱ्हातं ते?"

"तरी वाचले नसते," प्रज्ञा म्हणाली.

मंदाबाईंनी दीर्घ श्वास सोडला. ते वाचले असते का, हाच प्रश्न वर्षभर त्या जणू उशाशी घेऊन निजत होत्या.

"तुला शब्द दिला होता," प्रज्ञा म्हणाली. "औषध नाही मिळालं, पण उरलेला शब्द तरी पाळते. याला आजच ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालून मारते. तुझ्यासमोर."

मंदाबाई काचेपलीकडच्या प्लेटकडे पाहत राहिल्या.

"आनि मंग पुढलं औषध कोनावर लाई देखशी?"

प्रज्ञानेही वळून प्लेटकडे पाहिले.

"तो समुद्राना गाळ सरना का?"

"नाही. पुष्कळ आहे. त्यातले कितीतरी जिवाणू अजून पाहिलेच नाहीत."

"मंग ऱ्हाऊ दे याले. रईवारना दिन आबाले वंदन कराले ये. सोमवारी याले ताजं खाऊ घाल. आनि रगत लागनं, ते दुसराकडे मांगू नको."

बोळा अजून त्यांच्या हातावरच होता. त्यांनी तो काढला, खळगी कोरडी झाल्याचे पाहिले, आणि दुसरा हात कोपरापर्यंत उघडा करून त्याच्याकडेही एकदा निरखून पाहिले.