दुसरा डबा

आमच्या नगर परिषदेच्या ताब्यात तेव्हा दोनच गोष्टी उरल्या होत्या : स्मशान आणि पाणी. शाळा केंद्राने घेतल्या, रस्त्यावरचे दिवे घेतले, बाजारही घेतला. प्रत्येक वेळी पत्र यायचं, परिषद निषेधाचा ठराव करायची, आणि ठराव मिळाल्याची पोच मात्र नेमाने यायची. आता पाण्याची पाळी होती. तपासनीस येऊन टाकीच्या पाण्याचा नमुना नेतील, पाणी निर्जंतुक असेल तर नळयोजना परिषदेकडेच राहील, असं पत्रात होतं.

मी परिषदेच्या प्रयोगशाळेत होते. प्रयोगशाळा म्हणजे पंपघरामागची खोली, एक बेसिन, एक तराजू आणि मी. रसायनशास्त्राची पदवी घेऊन रुजू झाले त्याच आठवड्यात कारकुनांनी माझं नाव 'थेंबबाई' ठेवलं, कारण मी सगळं थेंबांत मोजायची.

टाकी सांभाळणाऱ्यांना अख्खं गाव टाकीमामा म्हणायचं. टाकीच्या चार खांबांमधे विटांची एक खोली होती. मामा तिथे एकवीस वर्षं राहत होते. त्यांची बायको त्याच खोलीत वारली. रोज सकाळी एक डबा ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, वरची निवळी टाकीत सोडायची आणि झडप फिरवायची, हे त्यांचं काम. पावडर ते दुधाच्या पावडरीच्या जुन्या डब्याने मोजत. मी ओळीने तीस दिवस त्या मापाचं वजन करून पाहिलं होतं. फरक पाच ग्रॅमच्या वर कधी गेला नाही.

तपासनीस यायच्या आदल्या दिवशी मामांनी टाकी रिकामी करून आतून घासली. खाली उतरले तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत शेवाळ होतं.

"मामा, एक जंतू जरी निघाला तरी सगळं गेलं म्हणून समजा," मी म्हणाले. "उद्या पावडरीला हात आखडता घेऊ नका."

"म्हणजे किती गं पोरी?"

मी आकडा सांगायला हवा होता. एरवी आकड्याशिवाय माझं तोंड उघडत नाही. "सढळ हाताने टाका," म्हणाले आणि सायकलवर टांग मारली.

तपासनीस आले. त्यांनी नळाच्या तोंडाशी ज्योत धरून ते तापवलं, दोन मिनिटं पाणी वाहू दिलं, बाटली भरली, मग ओंजळीतलं पाणी नाकाशी नेलं.

"काय हो, यात कपडे भिजवता की काय?"

सगळे हसले. मामाही हसले. बाटलीला लाख लागली, लाखेखालच्या पट्टीवर मी सही केली. अहवाल एकवीस दिवसांत येणार होता.

ते गेल्यावर मी त्याच नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन क्लोरीन तपासलं. एरवी तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकले की पाणी लिंबाच्या रसासारखं फिकट पिवळं होतं. त्या दिवशी गडद नारिंगी झालं. मर्यादेच्या पाचपट.

"मामा, किती टाकलीत?"

"दोन डबे. तूच म्हणालीस ना, सढळ." त्यातून घासलेल्या टाकीत क्लोरीन खायला शेवाळही उरलं नव्हतं.

मी धावत अध्यक्षांकडे गेले. त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. ओठांत टाचण्या धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"म्हणजे केंद्राच्या बाटलीतही हेच निघणार?"

"हो," मी म्हणाले.

"मग वरून ठपका यायच्या आत आपणच कारवाई करून मोकळं व्हायचं. परिषद झोपलेली नाही, हे दिसायला नको?"

संध्याकाळी बेसिनवर बाटल्या धुताना मला आठवलं. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली येते तिच्या तळाशी चिमूटभर पांढरं मीठ असतं, खायचं नव्हे, रसायनातलं. ते क्लोरीन मारून टाकतं. म्हणजे केंद्राच्या बाटलीत क्लोरीन निघणार होतं शून्य, आणि घासलेल्या टाकीतले जंतूही शून्य. नमुना उत्तीर्ण होणार होता.

तिसऱ्या दिवशी सभा भरली. अकरा सदस्य होते. त्यांतल्या एक, ताई, मामांच्या सख्ख्या मोठ्या बहीण. मामा दाराशी उभे होते, मी टिपणांची फाईल घेऊन भिंतीकडच्या खुर्चीत.

"ताई, घरचं प्रकरण आहे, बाहेर बसता का?" कुणीतरी म्हणालं.

"नाही बसत. उद्या तुम्हीच म्हणाल, भावासाठी पळाली."

अध्यक्षांनी मामांना विचारलं, "पावडर दुप्पट टाकायला कुणी सांगितलं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. अगदी सहज, घड्याळाकडे बघावं तसं.

"कुणी नाही, साहेब. माझीच अक्कल चरायला गेली होती."

मी मिठाचं सांगितलं असतं तर, आधी बोंब का मारलीस, हे विचारलं गेलं असतं, आणि त्याच्या मागोमाग उरलेलं सगळं बाहेर आलं असतं. माझी नेमणूक हंगामी होती. कायम करायचा विषय त्याच सभेत सातव्या क्रमांकावर होता. मी फाईलची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

'टाकीवरील इसमाच्या हलगर्जीमुळे पाणी पिण्यास अयोग्य झाले, सबब त्यास कामावरून काढण्यात येत आहे.' अध्यक्षांनी ठराव वाचला. पहिला हात ताईंचा वर गेला. मग बाकीचे दहा. नाक्यावरच्या खड्ड्यावरही ज्यांचं कधी जमलं नाही, त्यांचं त्या दिवशी एकमत झालं. सातवा विषयही मंजूर झाला. ठरावाची प्रत त्याच दिवशी केंद्राकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मामांनी खोली रिकामी केली. एक वळकटी, एक स्टोव्ह, बायकोचा फोटो. मोजायचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला.

"किती टाकायची होती गं?"

"एकच. नेहमीचाच."

"मग तसं म्हणायचं."

"ताईंकडे जाणार?"

"नको. तिच्या हाताला जरा आराम पडू दे," ते म्हणाले आणि वळकटी खांद्यावर घेऊन बसथांब्याकडे चालू लागले.

बाराव्या दिवशी आदेश आला. 'परिषदेने आपल्या ठराव क्रमांक चौदाद्वारे स्वतःच मान्य केल्यानुसार पाणी पिण्यास अयोग्य असल्याने, नळयोजना केंद्राच्या ताब्यात घेण्यात येत आहे.' प्रयोगशाळेच्या सामानाची यादी सोबत जोडली होती. त्यात तराजू होता, बेसिन होतं, शेवटच्या ओळीत मी होते.

केंद्राच्या विभागीय कार्यालयात रुजू झाले त्या दिवशी तपासनिसांच्या कपाटावर मला आमची बाटली दिसली. लाख शाबूत होती, पट्टीवर माझी सही होती.

"साहेब, ही तपासली नाही?"

"तिची पाळी यायच्या आत तुमचा ठराव आला. मग कशाला?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "खरं सांगू? तुमची टाकी आम्हाला नकोच होती. एवढ्या लांबचं लोढणं कोण गळ्यात बांधून घेईल? काहीतरी करून पास करणार होतो. पण तुम्हीच लिहून दिलंत, एकमताने. आता लेखी आल्यावर आम्ही तरी काय करणार?"

मी बाटली खाली काढली. पाणी अजून स्वच्छ दिसत होतं. जंतूंसाठी घेतलेला नमुना चोवीस तासांच्या आत तपासावा लागतो. त्यानंतर निघणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.

"मोकळी करा ती," साहेब म्हणाले. "धुऊन, मीठ घालून ठेवा. उद्या दुसऱ्या गावाला जायचंय."

मी लाख फोडली, पाणी बेसिनमधे ओतलं, बाटली तीनदा विसळली आणि तळाशी चिमूटभर मीठ टाकलं. या वेळी वजन करून.