तांबडा शेरा

"काका, तो तांबडा शेरा काढा. सहाच्या आत. प्लीज."

फोनवर आरोही होती. पुण्याच्या ठेकेदार कंपनीत ती आम्हा तपासणाऱ्यांची प्रमुख, वयाने माझ्या मुलीएवढी. चार वाजून गेले होते, लाईट नव्हती, लॅपटॉप बॅटरीवर चालला होता.

"काढणार नाही," मी म्हणालो.

"अहो, ऐकून तरी घ्या!"

ऐकायचं काय त्यात? उत्तर समोर दिसत होतं. प्रश्न असा : 'ज्वारी काढल्यावर पाऊस झाला, धसकटांना हिरवे फुटवे आलेत, गायी सोडू का?' आणि मशीन अगदी शुद्ध मराठीत सांगत होतं की होय, कोवळे फुटवे हा पौष्टिक चारा आहे, दुभत्या जनावरांना अवश्य द्या. वर आणखी 'आपल्या पशुधनास शुभेच्छा!' शुभेच्छा म्हणे! अरे, त्या फुटव्यांत विष असतं. किराळ लागते म्हणतात आमच्याकडे. जनावर थरथरतं, धापा टाकतं आणि बघता बघता आडवं होतं.

मी गहिनीनाथ. एकतीस वर्षं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक मला डॉक्टर म्हणतात, खरे डॉक्टर त्यावर नाक मुरडतात, आणि मला दोघांचंही काही वाटत नाही. शेवटच्या वर्षी एका म्हशीने गुडघ्यावर अशी लाथ घातली की गोठ्यात उकिडवं बसणं कायमचं संपलं. घरी बसून मी सगळ्यांवर खेकसायला लागलो तेव्हा मुलीने हे काम शोधून दिलं. परदेशातली एक जुनी, अवाढव्य कंपनी. नाव सांगणार नाही असं लिहून दिलंय. त्या कंपनीने शेतकऱ्यांना मराठीत उत्तरं देणारी एआय बनवली होती आणि ती उत्तरं तपासायला खेड्यातली माणसं हवी होती. हिरवा शेरा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे अर्धवट, तांबडा म्हणजे धोका. तांबडा पडला की दुरुस्ती होईपर्यंत सगळं थांबायचं, आणि तो ज्याने मारला त्यालाच काढता यायचा. नियम कंपनीचाच होता.

"काका, त्या नव्या एआय कंपनीनं मराठी सुरू केलंय," आरोही म्हणाली. "दोन वर्षांचं पोरगं हो ते आमच्यापुढं, पण आठ दिवसांत घराघरात गेलं. वरचे साहेब हादरलेत. उद्या दहाला आपलं सुरू झालं नाही तर मराठीचं कामच बंद करणार आहेत."

"एवढी हत्तीएवढी कंपनी, एका उत्तरानं बुडतेय का?"

"हत्तीलाच वळायला जागा लागते, काका." ती जरा थांबली. मूळची तलवाड्याची पोर, पुण्याची भाषा गळून पडली. "आमी चाळीस जण हाओत हिथं. चाळीस! तुमी निस्ता पिवळा करा. आठ दिसात दुरुस्त करते, आईशप्पथ."

"आठ दिसात काय होतंय ठाव हाय का तुला? अवकाळी पडून गेलाय. आत्ताच रानोरान फुटवे वर आलेत."

तिने फोन ठेवला.

सुभद्रा चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"करून टाका की पिवळा," ती म्हणाली. "तुमच्या बापाची जहागीर चाललीय का? पोरीच्या पोटावर पाय कावून देताव?"

मग मला तिला सांगावंच लागलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

पहिली नेमणूक धर्मापुरीला होती. तेवीस वर्षांचा होतो, नवा कोरा पांढरा कोट होता. एक दिवस बायनाबाई नावाच्या एक शेतकरी बाई दवाखान्याच्या पायरीशी आल्या. "साहेब, जवारीला फुटवे आलेत. बैलं सोडू का?" मोठे डॉक्टर त्या दिवशी परळीला गेले होते. प्रशिक्षणात याबद्दल काहीतरी शिकवलं होतं, पण नेमकं आठवेना. 'थांबा, विचारून सांगतो' एवढंच म्हणायचं होतं. पण बाहेर चार माणसं बसली होती आणि अंगावर तो कोट होता. लाज वाटली. म्हणालो, "सोडा की. हिरवं हाय, चांगलंच हाय."

दिवस मावळायच्या आत दोन्ही बैल गेले. मी पोचलो तेव्हा एकाचे पाय अजून हलत होते. मला वाटलं, बाई आता मला चपलेने मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. बायनाबाई उलट जमलेल्या लोकांना म्हणाल्या, "साहेबाला बोल लावू नगा. माझंच नशीब खोटं." त्या माऊलीने दिलेली ती माफी मला आजपर्यंत पचलेली नाही.

"ह्या मशीनला बी 'मला माहीत नाही' म्हणायची लाजच वाटती," मी सुभद्राला म्हणालो. "तेवीस वर्षांचा गहिनीनाथ हाय त्यो."

सुभद्रा आत येऊन शेजारी बसली. मग चहा बशीत ओतून बशी माझ्या हातात दिली.

"असू द्या मग तांबडाच," ती म्हणाली.

सहाला दहा कमी असताना फोन पुन्हा वाजला. मी उचलला नाही. बॅटरी सहा टक्क्यांवर आली होती. उगाच कशाला खोटं बोलू? डोळ्यांसमोर चाळीस पोरंपोरी दिसत होती. दोनदा मी बोट पिवळ्यावर नेलं आणि दोनदा मागे घेतलं. शेवटी शेऱ्याखाली एवढंच लिहिलं : 'फुटव्यांत जनावर सोडू नये, मरते.' सहा वाजले. पडदा काळा झाला.

चौथ्या दिवशी माझं खातं बंद झालं आणि संध्याकाळी आरोहीचा फोन आला.

"संपलं, काका. मराठी बंद केलं."

"राग आला असंल तुला."

"आला. लई आला. दोन दिवस तुमचं नाव काढलं की चिडत होते." ती नाक ओढत होती. "आज त्या नव्या कंपनीत मुलाखतीला गेलते. मी विचारलं, तुमची उत्तरं कोण तपासतं? तर हसले. म्हणाले, लोकच तपासतात, वापरता वापरता. म्हणून तर आमी पुढं हाओत."

"जेवून घे," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी सकाळी शेजारचा बजरंग मोबाईल नाचवत ओट्यावर आला.

"डॉक्टर, तुमची कंपनी झोपली म्हणं! ही बघा नवी. लई हुशार हाय, आपल्या बोलीत बी समजतंय. काल इचारलं, जवारीच्या फुटव्यात गाया सोडू का? म्हणली, बिनधास्त."

मी उठून उभा राहिलो.

"गाया कुठं हायत?"

"आमचा गडी हनुमान घेऊन गेला की आत्ताच मळ्यात. कावून?"

"गाडी काढ!"

"आवो, चहा तरी..."

"गाडी काढ बे!"

मोटारसायकलवर प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यातून कळ मस्तकात जात होती. मळ्यात पोचलो तर हनुमान बांधावर बिडी ओढत बसला होता आणि तीनपैकी दोन गायी अजून बांधाचं गवत खात होत्या. तिसरी, तांबडी, आत शिरून चरत होती. मी लंगडत धावलो, तिच्या गळ्यातलं दावं धरून तिला ओढत बाहेर काढली. मळ्यातल्या झोपडीवजा कोपीवरून गूळ आणवला, विषावर उतारा म्हणून बादलीत कालवून तिला पाजला आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिलो. तासभर तिचे श्वास मोजत होतो.

गायीला काही झालं नाही. चार घासच गेले असतील. ती निवांत रवंथ करायला लागली.

"बघा," बजरंग म्हणाला, "काय झालं का? उगंच एवढं हिरवं वाया चाललं. मोबाईल म्हणतो सोडा, तुमी म्हणता नगा. माणसानं ऐकावं कुणाचं?"

"त्या मोबाईलची गाय मरत न्हाई, बजरंगा. तुझी मरती."

तो गुरगुरला आणि हनुमानला गायी घराकडे हाकायला सांगितल्या. मग त्याचा मोबाईल मी मागून घेतला. उत्तराखाली दोन अंगठे होते, एक वर केलेला, एक खाली. मी खालचा दाबला. 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद' असं आलं. पुन्हा तोच प्रश्न विचारला, पुन्हा तेच उत्तर आलं, तितक्याच गोड भाषेत. मोबाईल परत दिला, तो गाडीकडे गेला.

"येताव का, डॉक्टर?" बजरंगने लांबून हाक दिली.

"तू हो पुढं."

मळ्याला कुंपण नाही. बाजूनेच गाडीवाट जाते आणि गावातली निम्मी जनावरं तिथूनच चरायला येतात. मी बांधावर बसलो. थोड्या वेळाने गावातल्या विमलबाई आपली एकुलती गाय घेऊन आल्या. हिरवं दिसल्यावर गाय तिकडे ओढायला लागली.

"डॉक्टर, हिथं उन्हात कावून बसलाव? सोडू का हिला?"

"न्हाई सोडायची, विमलबाई."

"बरं," त्या म्हणाल्या, दावं मनगटाला गुंडाळलं आणि गाय वळवून निघून गेल्या. मी टोपी काढून डोक्यावर पंचा घेतला आणि दुखरा पाय लांब करून बसलो. वाटेवर लांब आणखी जनावरं दिसत होती.