लखमाच्या माळावर उतरलेलं विमान

हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या मैदानात सकाळपासून माणसं जमली होती. कापड दुकानदाराचा फारुक विमान घेऊन गावी येणार होता. साल एकोणीसशे एकोणचाळीस, जानेवारी महिना. फारुक हैदराबादच्या एका कापूस व्यापाऱ्याचं दोन माणसं बसतील एवढं खासगी विमान चालवायचा. मालकानंच सांगितलं होतं, "जा, आईला दाखवून ये." मैदानाच्या टोकाला उकंडराव देशमुखांनी मांडव घातला होता. पुढं शाळेची लेकरं, त्यांच्या मागं फारुकची आई हाजराबी.

दुरून मैदान दिसलं तसं फारुकनं पायांखालचे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. उतरण्याआधी हवेतच ब्रेक तपासायची त्याची सवय होती. उजवा कडक लागला. डावा थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, तेच.

एका बाजूचा ब्रेक लावला की विमान त्याच अंगाला गरकन फिरतं. म्हणजे उजवाही बिनकामाचा. ब्रेकशिवाय उतरायचं तर लांब जागा हवी. मैदान आखूड, मांडवाकडं उताराचं, आणि विमान टेकलं की माणसं धावत येणार हे ठरलेलं. त्यानं मैदानावरून एक घिरटी घेतली. खाली हात हलत होते. हिरवं लुगडं नेसलेली अम्मी त्याला दिसली.

मग त्यानं विमान वळवलं आणि निघून गेला.

सेनगावच्या वाटेवर एक लांब पडीक माळ होता, वाऱ्याच्या तोंडाला चढत गेलेला. चढावर विमानाचा वेग आपसूक मोडला असता. माळावर लखमा नावाची तांड्यावरची बाई गुरं चारत होती. फारुक जमीन बघायला एकदा अगदी खाली येऊन गेला, तशी गुरं उधळली. लखमा क्षणभर बघत राहिली. मग तिनं गुरं बाजूला हाकलली आणि धावत माळाच्या खालच्या टोकाला गेली. तिथं कोरडा नाला होता. गवतात तो वरून दिसतच नव्हता. त्याच्या काठावर उभी राहून ती डोक्यावरची ओढणी काढून हलवू लागली.

तिथं काहीतरी धोका आहे हे फारुकच्या लक्षात आलं. जितकं अलीकडं टेकावं तितकं बरं होतं, पण तिच्या अलीकडं नाही. त्यानं वेग कमी करत आणला. विमान लखमाच्या डोक्यावरून गेलं, ती जागची हलली नाही. नाला मागं पडताच चाकं टेकली. त्यानं इंजिन बंद केलं आणि दोन्ही पाय ब्रेकवरून काढले. नुसत्या शेपटीच्या सुकाणूनं नाक सरळ धरलं. विमान चढावर आदळत, मंदावत गेलं आणि वरच्या टोकाच्या बाभळींच्या वीस पावलं अलीकडं थांबलं.

लखमा धापा टाकत आली. "काहून इथं उतरलास रे भाऊ? लोकं तर हिंगोलीला वाट पाहून राहिले."

"ब्रेक गेला, बाई. तिथं माणसं होती."

"मंग बराबर केलंस," ती म्हणाली आणि पाण्याची चरवी त्याच्यापुढं धरली.

तिचा नवरा वसराम बैलगाडीतून त्याला हिंगोलीला घेऊन गेला. पोचेपर्यंत दुपार कलली होती. अर्धी माणसं निघून गेली होती. उकंडराव तापले होते.

"दोन घंटे उन्हात बसवलं आमाला! वरच्यावर निघून गेलास, हे काय वागणं झालं?"

फारुकनं झालं ते सांगितलं. उकंडरावांनी मांडवापुढं खेळणाऱ्या लेकरांकडं पाहिलं. त्यांचा आवाज उतरला. "मला कसं कळावं, पोरा," एवढंच म्हणाले आणि त्याच्या कपड्यांवरची धूळ स्वतः झटकू लागले.

हाजराबीनं त्याचे हात हातात घेतले.

"डर लगा क्या?"

"लगा, अम्मी."

"फिर भी आया ना बराबर," ती म्हणाली. मग वसरामला म्हणाली, "भाई, तुमच्या घरवालीकडं मला घेऊन चला."

वसरामनं गाडीत कडबा सारखा केला. हाजराबी वर चढून बसली.