भिकाजीला खांदा

माणसानं मरावं, तर गावाशी गोडी असताना मरावं. भिकाजीला ते जमलं नाही. दोन वर्षांपूर्वी गावकीनं डोंगरमाथ्याच्या सड्यावरची सामाईक जमीन चिरेखाणीला द्यायची ठरवली, तेव्हा हा एकटा सही करीना. मग गावकीनं त्याचं घर वाळीत टाकलं. त्या घराशी बोलेल, त्या घरच्या माणसाला हात लावील, तोही वाळीत. ठराव मांडला पुढारी भागोजीनं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कायद्यानं असं करता येत नाही म्हणतात. पण कायदा रत्नागिरीत राहतो. संगमेश्वराकडच्या या डोंगरात चढून यायला त्याला वेळ लागतो.

आज सकाळी भिकाजी गेला. मुलगा जहाजावर, भर समुद्रात. यमुनाबाईनं शेजारच्या दारांत उभं राहून हाका मारल्या, एक कडी वाजली नाही. शेवटी तिनं रत्नागिरीच्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टरांना फोन लावला. भिकाजीचं औषधपाणी त्याच बघत.

दुपारी तिघी आल्या: साठी उलटलेली रोझलिन, विनिता, आणि वसईहून नव्यानं बदलून आलेली एग्नेला. घरापर्यंत गाडी येत नाही. लाकडं त्यांनी जीपनं खालच्या रस्त्यानं स्मशानात टाकली आणि पाखाडीच्या पायऱ्या चढून वर आल्या. यमुनाबाईनं तोवर बांबू तोडून तिरडी स्वतःच बांधली होती.

"चौघी हाव," ती म्हणाली. "दिवस मावळायच्या आत न्यायला होया. नायतर रातभर ह्यास्नी हितंच ठेवायचं?"

उपाशाला अन्न, तहानेल्याला पाणी, मेलेल्याला मूठमाती: दयेची ही कामं एग्नेलानं लहानपणी घडाघडा पाठ केली होती. पाठ करताना समोर प्रेत नसतं. गेल्याच महिन्यात कुणी दोघे दवाखान्याच्या फाटकाशी येऊन फोनवर सिस्टरांचं शूटिंग करून गेले होते. 'बाटवायला आल्यात' एवढं म्हणून तो व्हिडिओ सोडला, की पुढचं लोक आपापलं करतात. हिंदूचं प्रेत नेणाऱ्या तीन सिस्टर! तिनं हळूच गळ्यातला क्रूस झग्याच्या आत सरकवला.

रोझलिननं ते पाहिलं. "घाबरलीस?"

"खूप."

"मीपण. उचल."

पुढे यमुनाबाई आणि एग्नेला, मागे त्या दोघी. भिकाजी आजारानं पार वाळला होता, पण उतारावर सगळा भार पुढच्या दोघींवर येत होता. पाखाडी निसरडी, पाऊल चुकलं तर प्रेतासकट खाली. दोन्ही अंगांना घरं होती आणि प्रत्येक खिडकीमागे कुणीतरी होतं. कुणी बोलत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तरी एग्नेलाला बरं वाटलं असतं.

पाखाडीच्या वळणावर भागोजीचं घर. दारापुढच्या खळ्यात दहा-बारा बापये उभे होते आणि एकानं फोन वर धरला होता. भागोजी दगडी गडग्याला टेकून उभा होता, गालातल्या गालात हसत.

"बघा रे," तो म्हणाला, "भिकाजीन शेवटाला गोतावळा कोनचा केलान तो!"

हशा पिकला. एग्नेलाच्या खांद्यावरचा बांबू सरकला. आता हा दगड मारणार, आता कुणीतरी धरणार, एवढंच तिच्या डोक्यात. खांदा बधिर झाला होता.

"काकी, मला नाही झेपत," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "इथं जरा खाली ठेवूया."

हसणं जागच्या जागी थांबलं. तिरडी वाटेत टेकवायची ती फक्त विसाव्यावर, आणि तो तर खाली ओढ्याजवळ. कुणाच्या दारात प्रेत टेकवणं म्हणजे त्या घरात दुसरं मरण बोलावणं. वसईच्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? ती गुडघे वाकवायला लागली.

"हितं नको!" भागोजी किंचाळला. "हितं ठेवू नको गो बाय! माजी पोरंबाळं हायत घरात!"

पण बांबू घसरतच होता. भागोजीनं गडग्यावरून उडी मारली आणि जमिनीपासून हातभर उरलेली तिरडीची बाजू उचलून आपल्या खांद्यावर तोलून धरली. एग्नेला बाजूला होऊन मटकन बसली.

मग खळ्यातली माणसं मागे सरली. एक पाऊल, मग दुसरं. भागोजीनं त्यांच्याकडे पाहिलं. फोनवाल्याचा फोन आता त्याच्यावर रोखलेला होता. ओटीवर त्याची सून नातवाला कडेवर घेऊन उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, पोराचं तोंड पदरात घेतलं आणि आत गेली. दाराची कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"आरं, पडत व्हतं म्हनून धरलंय!" तो ओरडला. "धरलंय नुसतं!"

त्याच्याशी आता कुणी बोलायचं नव्हतं; ठराव त्याचाच होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. असं घाबरलेलं माणूस एग्नेलानं दिवसभरात पाहिलं नव्हतं, आणि ती स्वतः तर फोन आल्यापासून घाबरूनच होती.

यमुनाबाईनं शेजारी मान वळवली. दोन वर्षांत तिच्याशी गावातलं कुणी बोललं नव्हतं, तिनंही कुणाला आपणहून हाक मारली नव्हती, आजची सकाळ सोडली तर.

"भागोजीभाव," ती म्हणाली, "पायरी बगून उतरा. फुडं शेवाळ हाय."