शिक्क्यानंतरची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. पण मला दात नाहीत की कडी नाही. मी नुसत्या आकड्यांची बनले आहे. डोळ्यांच्या एका दवाखान्यात, औषधांच्या फ्रिजशेजारी घरघरणाऱ्या संगणकात माझे आयुष्य गेले. इथून निघणाऱ्या प्रत्येक ई-मेलवर मी डिजिटल सहीचा शिक्का मारते. माझी जुळी बहीण, म्हणजे माझ्या जोडीची उघडी किल्ली, बाहेर चारचौघांत राहते. पत्र पोहोचले की तिथला पहारेकरी संगणक तिच्या मदतीने माझी सही पडताळतो. पत्र खरेच दवाखान्याचे आहे ना? वाटेत अक्षर तर बदलले नाही ना?

वर्षानुवर्षे माझ्या सहीला कोणी नाव ठेवले नाही. पण आमच्या डॉक्टरबाई मायाळू. प्रत्येक पत्राखाली ‘काळजी घ्या’ असावे, असे त्यांच्या मनात आले. संगणक सांभाळणाऱ्या भाऊंनी ती ओळ जोडली खरी, पण पत्रे बाहेर सोडणाऱ्या दारातल्या यंत्रात, म्हणजे माझी सही झाल्यावर. मला पत्तासुद्धा नव्हता.

दुसऱ्याच सकाळी चिमीच्या बाबांना पत्र गेले: ‘दान मिळालेले बुबुळ आले आहे. दुपारपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्या रुग्णाला द्यावे लागेल.’ चिमुरडी चिमी आईला आवाजावरूनच ओळखायची. ती सही करताना मला कोण आनंद झाला!

पण पहारेकऱ्याला मजकूर आणि सही जुळेना. दोन शब्द जास्तीचे! त्याने पत्र लबाड ठरवून अडगळीत टाकले.

दुपार झाली, उत्तर नाही. दवाखान्याच्या नावनोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या मावशींना चैन पडेना. त्यांनी फोन लावला.

“दादा, मेल बघितली का हो?”

“सकाळपासून तेच करतोय मावशी. काही नाही आलं.”

“स्पॅममध्ये बघा बरं.”

चिमीच्या बाबांनी स्पॅमची पेटी उघडली. मग ते ओरडलेच, “आहे हो! लॉटरीच्या थापांखाली पडलीये. निघालोच आम्ही!”

मावशींनी हे सांगताच भाऊंनी पत्राचा माग काढला आणि कपाळावर हात मारून घेतला. “ओळ आधी, सही नंतर! एवढंसं कसं सुचलं नाही मला?” त्यांनी लगेच क्रम बदलला.

मित्रांनो, मायेने केलेली गोष्टसुद्धा जरा विचारून करावी. आणि उत्तर आले नाही, तर मावशींसारखा एक फोन करावा.

चिमीचे ऑपरेशन होऊन आता काही आठवडे झाले. जुनी किल्ली चोराच्या हाती लागू नये, म्हणून उद्या भाऊ माझ्या जागी नवी आणणार आहेत. माझी तक्रार नाही. आज माझ्या हातून शेवटचे पत्र गेले. डॉक्टरबाईंनी चिमीच्या बाबांना लिहिले होते, ‘तिला आईच्या गालावरचा तीळ दिसला, हे वाचून डोळे भरून आले.’ खाली होते, ‘काळजी घ्या.’ त्या दोन शब्दांवरही माझी सही आहे.